चौथी खाट

दहा फेब्रुवारी, रविवार. रक्कम पन्नास रुपये, हैदराबादच्या लॉजवाल्याला विसार म्हणून. हजर चौघी: मंगल, रझिया, मी आणि तू. ठिकाण तुझ्या घराची पडवी, लातूर.

शकू, तुझ्यावर लिहायला बसले आणि आधी रक्कम टाकली, हे बघून तू हसली असतीस. "हिशोबनीस बाई, माझ्या मयतीलासुद्धा जमाखर्च का?" असं म्हणाली असतीस. काय करू, मला दुसरीकडून सुरुवात करता येत नाही. तुझा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, मागं कोण कोण, हे सगळं तुझ्या शाळेत फळ्यावर लिहून झालं. सुवाच्य अक्षरात होतं. त्यात तू कुठं नव्हतीस. तू त्या रविवारच्या पडवीत आहेस, पदराची गाठ दातानं सोडवताना, आणि मंगल तुला म्हणते आहे, "अगं, गाठ सोडायला लागलीस का पैसे चावायला?"

विसार हा शब्दसुद्धा तुझाच. मी ॲडव्हान्स म्हणत होते. तू म्हणालीस, "बैल घेताना विसार देत्यात. दिला की बैल आपला, मग तो लंगडा निघू दे न्हाई तर मारका. सहलीचा विसार दिला की सहल आपली. आता माघार न्हाई." तेव्हा आपण चौघी हसलो. आता ते वाक्य मला रात्रंदिवस टोचतं.

नवा जिल्हा झाला नसता तर आपण एका गल्लीत आलोच नसतो. मी नांदेडच्या कचेरीतून इथल्या नव्या कचेरीत आले, लेखाविभागात. मंगल मुदखेडची, सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आली. भाऊजींची बदली झाली म्हणून तू देगलूरकडून बदली मागून इथल्या शाळेत आलीस. रझिया तेवढी इथली. तिच्या शिवणक्लासात तू झंपर शिवायला टाकलास आणि चौघींची ओळख झाली. गावात तेव्हा सगळ्या पाट्या नव्या होत्या. 'जिल्हा' हा शब्द रंगवून रंगवून रंगारी थकले असतील. माणसं वाढली, भाड्याच्या खोल्या वाढल्या, जीपा वाढल्या. पाणी होतं तेवढंच होतं. मग दोन पावसाळे कोरडे गेले आणि होतं तेवढंही राहिलं नाही.

नळ नुसते फुसफुसायचे. राहिली गल्लीच्या टोकाची बारव. तळाला एक झरा, तो वाटी वाटीनं भरायचा, आणि वर पायऱ्यांवर हांड्यांची रांग. दिवस उजाडायच्या आत हांडा लावावा तेव्हा कुठं दिवेलागणीला नंबर यायचा. पाणी जसं खाली जाई तशा खालच्या पायऱ्या उघड्या पडत. काळ्या, गुळगुळीत, कधी कुणी न पाहिलेल्या. गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या गोदामावशी एकदा खाली वाकून बघत म्हणाल्या, "ही पायरी म्या पाह्यली नव्हती. माझ्या सासूनं पाह्यली होती. पायरी उघडी पडली की रिकामी ऱ्हात न्हाई, माणूस मागते." तू एकटी बोललीस. "मावशी, ती दगडाची हाय. तिला मागायला तोंड न्हाई. आपल्याला हाय. आपण टँकर मागू."

टँकर आला नाही. पायऱ्या उघड्या पडतच राहिल्या.

त्याच रांगेतली तुझी एक गोष्ट इथं लिहिली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्या गल्लीत बौद्धांचं घर तुझं एकटीचं. मागच्या उन्हाळ्यात तू हांडा लावून शाळेत गेलीस आणि परत येऊन बघतेस तर हांडा रांगेबाहेर, कट्ट्यावर उपडा. कुणी केलं हे कुणी सांगेना. एक बाई एवढंच म्हणाली, "माणूस जाग्यावर न्हाई, हांडा कसा धरायचा?" मी तुझ्या मागंच उभी होते. मला वाटलं तू रडशील किंवा भांडशील. तू दोन्ही केलं नाहीस. तू पदर खोचलास आणि रांगेतला ज्याची मालकीण जागेवर नव्हती असा एकेक हांडा उचलून कट्ट्यावर ठेवायला लागलीस. पाटलिणीचा, वाण्याच्या सुनेचा, गोदामावशींचा, सगळ्यांचे. "मग ह्यांच्याबी मालकिणी कुठं हायेत, सांगा की." बघता बघता रांगेत चारपाच हांडे उरले आणि कट्टा भरून गेला. ओरडा झाला, बायका घराघरांतून पळत आल्या. शेवटी गोदामावशीच कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पुरं झालं. आजपासून हांडा लावला तो मोजायचा. कुणाचा हाय ते इचारायचं न्हाई, माणूस हाय का ते इचारायचं न्हाई."

तेव्हापासून गल्लीत तो नियम. मी आयुष्यभर नियमांत काम केलं. माणसानं स्वतःच्या हातानं केलेला नियम मी तो एकच पाहिला.

सहलीचं खूळ रझियानं काढलं आणि तू ते पकडलंस. रझिया म्हणाली, "मेरी खाला है ना हैदराबाद में. खालू के दोस्त का लॉज है, टेसन के सामनेच. मैं खत लिखती ना." तू म्हणालीस, "लिही. सात दिवस लिही." सात कशाला, दोन दिवस पुरे, असं मी म्हटलं. त्यावर तू विचारलंस, बाळंतपण आणि मयत सोडून आपल्यातली कोण सात दिवस घराबाहेर राहिली आहे?

कुणीच नाही.

मग बारवेच्या पायऱ्यांवर, हांड्यांच्या शेजारी बसून, आपण शहर आखलं. लातूरहून यष्टीनं नांदेड, नांदेडहून गाडी. "आमच्या मुदखेडला गाडी दम खाते, चहा घेऊ," मंगलचं ठरलेलं. धर्माबाद सुटलं की गोदावरीचा पूल, तिथं चौघींनी खिडकीशी बसायचं, हे तुझं. मग ते मोठं म्युझियम, जिथल्या घड्याळातून बाहुला बाहेर येऊन ठोके देतो असं तू पोरांना वर्षानुवर्षं शिकवलंस आणि स्वतः कधी पाहिलं नाहीस. एक दिवस गोवळकोंडा. एक दिवस रझियाचा: चारमिनार, बांगड्यांचा बाजार, खालाच्या घरी जेवण आणि त्या रात्री कव्वाली. एक दिवस मंगलचा: गार हवेच्या टॉकीजमध्ये लागोपाठ दोन सिनेमे. कोणते, म्हणून विचारलं तर म्हणाली, "कोणतेबी असू दे. म्या झोपणार हाय." शहराच्या मधोमध मोठा तलाव आहे हे रझियानं सांगितलं तेव्हा मंगलचा विश्वास बसेना. "मधोमध? अन् कुणी हांडा घेऊन जात न्हाई?"

राहिला पाचवा दिवस. त्यावर तुझंमाझं जमलं नाही.

तुला नागार्जुनकोंडा बघायचं होतं. धरण बांधलं तेव्हा खोऱ्यातले जुने विहार, स्तूप दगड दगड सोडवून टेकडीवर नेले, मग खोरं पाण्याखाली गेलं आणि टेकडीचं बेट झालं, लाँचमधून जावं लागतं, असं तू सांगायचीस. मी म्हणायचे, ते हैदराबादेत नाही, जाऊन येऊन अख्खा दिवस जातो, सहल शहराची ठरली आहे. तू म्हणायचीस, "पाणी न्हाई म्हणून उठलेली गावं आपण रोज बघून राहिलो. पाणी आलं म्हणून उठलेलं गाव एकदा बघू दे मला." मी म्हणायचे, बसचं भाडं वेगळं पडेल. तू म्हणायचीस, "तुला देव भेटला तर त्याला पावती मागशील." असं महिनाभर चाललं. पाचव्या दिवसासमोरची जागा कोरीच राहिली.

दुसरा वाद तारखेचा. मला दिवाळीत जायचं होतं. या वर्षी नको, लक्षण बरं नाही, पाणी आलं की जाऊ, असं मी दोनदा म्हटलं. तुझं उत्तर मला अजून खोडता आलेलं नाही. "पाणी आलं की पेरण्या येत्यात, परीक्षा येत्यात, लग्नं येत्यात, पाहुणे येत्यात. दुष्काळात पाहुणाबी येत न्हाई. आपल्यासाठी हीच एक फट हाय." मेचा पहिला आठवडा ठरला.

आता प्रश्न एकच होता आणि तो चौघींच्या घरी सारखाच होता. आपण गेलो तर पाणी कोण भरणार? आमचे मालक म्हणाले, "सात दिवस? हांडा कोण धरणार?" तू पडवीतूनच विचारलंस, "भाऊजी, तुम्हाला हात किती? आधी मोजून सांगा, हिशोबनीस बाईंना लिहून घ्यायचंय." दुसऱ्या दिवसापासून मालक हांडा घेऊन रांगेत. लोक हसले, चार दिवसांनी हसायचे थांबले. आजही तेच जातात. हे देणं तुझं आहे, शकू. यापुढं घरात पाणी आलं की तुझं नाव निघेल.

तुझ्या घरचं मात्र असं सुटण्यातलं नव्हतं. तुझे मालक आठवडा आठवडा खेड्यांत, दुष्काळी कामांवर हजेऱ्या तपासत. लेक नीलिमा नांदेडला शिकायला. घरात फक्त तुझी सासू, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. तिच्यासाठी सात दिवसांचं पाणी घरात भरून ठेवल्याशिवाय तुझा पाय निघणार नव्हता. तू भंगारवाल्याकडून डांबराचा रिकामा ड्रम घेतलास, आतून जाळलास, विटकरीनं घासलास, पडवीच्या कोपऱ्यात ओलं पोतं गुंडाळून ठेवलास आणि भरायला लागलीस. रोज तांब्याभर, कधी दोन तांबे. "वास येतो डांबराचा," मी म्हटलं. "येऊ दे. हैदराबादचा रस्ता डांबरीच हाय."

तेव्हा मला कळायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. कळलं होतं, आणि मी बोललेही होते. एका हांड्यात घर चालवून रोज तांबे उरतात कुठून? तुझे ओठ फाटले होते. शाळेतून आल्यावर तू भिंतीला टेकून बसायचीस, डोळे मिटून. मी म्हटलं, शकू, तू पाणी पीत नाहीस. तू म्हणालीस, "आमची जात उंटाची. तुला माहीत नव्हतं? भाड्यानं घर देताना तुमच्या गल्लीनं सगळं विचारलं, एवढंच विचारायचं राहिलं." मी हसले. तुझ्यासमोर न हसता येत नसे, आणि तुला ते चांगलं माहीत होतं.

आणि तेलुगूची शिकवणी. तुझी आई पलीकडची, बोधनची. घरात तुला आईनं त्याच भाषेत वाढवलं, मराठी तू शाळेत शिकलीस असं तू सांगायचीस. रांगेत बसून तू आम्हाला शहरात लागणारे शब्द शिकवलेस. "पहिला शब्द कोणता?" रझिया म्हणाली, "कितने का है." "न्हाई. पहिला शब्द पाणी. नीळ्ळु. नीळ्ळु कावाली, पाणी पाहिजे. म्हणा." आम्ही म्हटलं. मंगल पोट धरून हसायला लागली. "म्हंजे तुझ्या निळूचं नाव पाणी? लेकीला हाक मारतेस का पाणी मागतेस?" तू म्हणालीस, "ती निळू निळ्या झेंड्याची. पण तसं बी चालतंय. दोन्ही हाक मारून येत न्हाईत." त्या वेळी घरात सासूबाई झोपल्या होत्या. त्या या शिकवणीत कधी नव्हत्या.

एप्रिल लागला. बारवेत कबुतरं मरून पडायला लागली. ती काढायची आणि मग पाणी भरायचं. ज्या संध्याकाळी आपलं शेवटचं बोलणं झालं त्या संध्याकाळी ड्रम काठोकाठ भरला होता. तू मला झाकण उघडून दाखवलंस. काळं पाणी, त्यात पडवीचा वासा दिसत होता. तू हाताचा पंजा पाण्यावर धरलास, पण बुडवला नाहीस. मी पाचवा दिवस पुन्हा काढला. म्हटलं, एवढा हट्ट कशासाठी ते तरी सांग. तू झाकण लावलंस. "सांगते. उद्या सांजच्याला हांडा भरून झाला की सांगते. आता तोंड वाळलंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे तू हांडा लावलास. त्याच्या मागं मालकांनी आमचा. तू सकाळच्या शाळेत गेलीस, मी कचेरीत. दुपारी कचेरीच्या दारात रझिया उभी राहिली. तिनं बुरखा उलटा घातला होता. ती एवढंच म्हणाली, "चल." शाळेतून भर उन्हात चालत आलीस, पडवीत पडलीस, अंग विस्तवासारखं. आरडाओरडा ऐकून शेजारी आले, तुला रिक्षात घातलं. दवाखान्यात मंगलच ड्यूटीवर होती. तुझा हात तिच्या हातात होता. ऊन लागलं, असं कागदावर लिहिलं आहे.

तुझा ड्रम त्या संध्याकाळी उघडला. तुला आंघोळ घातली ती त्या पाण्यानं. मग मयतीला आलेल्यांना प्यायला, हातपाय धुवायला. गल्लीत दुसरं पाणी कुठं होतं? म्हातारीच्या सात दिवसांसाठी ठेवलेलं पाणी अंधार पडायच्या आत तळाला गेलं. डांबराचा वास सगळ्यांच्या हातांना होता. मी माझे हात दोन दिवस हुंगत होते.

तुझे मालक खेड्यावरून पोचले, तुला नेलं आणि थोड्या वेळानं बारवेवरून पोर धावत आलं, गोदामावशीनं बोलावलंय. मी गेले. दिवे लागायची वेळ. रांग थांबलेली. सगळ्यांत खालच्या, त्या नव्या पायरीवर तुझा हांडा होता. दिवसभर बायका त्याला पुढं सरकवत आल्या होत्या. अर्धा दिवस तू होतीस, अर्धा दिवस नव्हतीस, हांडा सरकतच होता. आता त्याचा नंबर आला होता. एक बाई म्हणाली, "मेलेल्याचा कसला नंबर? पुढचा घ्या." पुढचा माझा होता. कुणीतरी तुझा हांडा उचलायला हात घातला. गोदामावशी माझ्याकडं बघत राहिल्या. "बोल बाई. भरायचा का सोडायचा?"

मी म्हटलं, "हांडा लावला तो मोजायचा."

झऱ्याला हांडा भरायला पुष्कळ वेळ लागतो. तेवढा वेळ सगळ्या उभ्या राहिल्या. मावशींनी त्या पायरीकडं पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला.

त्याच पाण्यानं तुझा जलदान विधी झाला. पलीकडच्या वस्तीत जयंतीच्या निळ्या पताका लागल्या होत्या. तिथली सगळी माणसं पडवीत बसली, आपली गल्लीही बसली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. बौद्धाचार्यांनी तांब्यातून वाटीत धार धरली. वाटी भरली, ताटात सांडायला लागली, तरी धार चालू होती. दोन वर्षांत पाणी सांडताना आम्ही पाहिलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे त्या वाटीवर. एवढं पाणी, शकू, आणि ते तुझ्या नावानं.

आता जे बोललं गेलं नाही ते. तुझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, आणि हा लेख त्यांना कुणी वाचून दाखवू नये, एवढीच वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे.

निळू नांदेडहून पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्हातारीनं तिला चाचपून जवळ घेतलं आणि म्हणाली, "लई हाका मारल्या गं तुला तुझ्या मायनं. पडवीत पडली व्हती, एकसारखं आपलं निळू, निळू. म्या म्हनलं, यील बाई, जयंतीला येनारच हाय ती. तरी निळू, निळू. मग म्या दाराशी जाऊन वरडले, कुनीतरी नांदेडला निरोप धाडा, पोरीला बोलवा."

रझियानं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. मंगल उठून बाहेर गेली.

ड्रम तुझ्यापासून हातभर होता.

मंगल म्हणते, घोटभर पाण्यानं त्या वेळी काही झालं नसतं, फार उशीर झाला होता. ती नर्स आहे, तिला कळतं. मी तिचं म्हणणं मान्य केलं आहे. पण तू आईच्या भाषेत पाणी मागत होतीस आणि घरातलं एकमेव माणूस धडपडत दाराशी जाऊन तुझ्या लेकीला बोलावत होतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. म्हातारीची चूक कुठंच नाही. तिनं ऐकलं ते तिच्या परीनं बरोबर ऐकलं. मी कचेरीत एका पैशाचा फरक निघाला तरी रात्री घरी जात नाही, तो मिटवल्याशिवाय. हा फरक मी मिटवणार नाही. म्हातारी मरेपर्यंत तो तसाच राहील.

गेल्या आठवड्यात रझियाच्या खालूंचं पत्र आलं. खोली चार खाटांची धरली आहे, तिघीच येणार असाल तर तीन खाटांची देतो, भाडं कमी पडेल. मंगल म्हणाली, "कुसुम, जायचं का, ते आधी बोल." रझिया म्हणाली, "विसार दिया सो दिया. शकू बोली थी." म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, "निळूला न्या. तिचं नाव घेत गेली ती. तिच्या जागी निळूला न्या."

मी निळूकडं पाहिलं. ती मला ओट्यावर घेऊन गेली. तुझ्यासारखीच भिंतीला टेकून बसते. म्हणाली, "मावशी, मी सुट्टीत देगलूरला आजीकडं, आईच्या आईकडं राहायचे. ती आजी मला दुसऱ्या भाषेत पाणी मागायची." ती म्हणाली, "या आजीला सांगू नका. तिला वाटू द्या, आई मला बोलवत होती." मी विचारलं, "आणि तू?" तिनं रस्त्याकडं पाहिलं. "मी येते. पाचवा दिवस मात्र आईचा. तिथं पाणी कसं दिसतं ते मला बघायचंय."

तो वाद तू जिंकलीस. बोलायला मी उरले आणि जिंकलीस तू. कारण काय होतं ते सांगायचं मात्र राहिलं. त्या बेटावर गेल्यावर ते मला कळेल अशी माझी समजूत नाही.

म्हातारीच्या पाण्याचं काय, हे मी विचारायला गेले तर गोदामावशींनी मला हाकलून दिलं. तुझा हांडा रोज रांगेत लागतो. कोण लावतं, मी विचारत नाही, तो नियमच आहे. तो भरतो आणि पडवीत पोचतो. त्याच्या मागं रोज माझा हांडा असतो. काल सकाळी मी वाकून पाहिलं, खाली आणखी एक पायरी उघडी पडली आहे.

बावीस एप्रिल, सोमवार. रक्कम एकशे साठ रुपये, विसार वजा जाता बाकी पूर्ण, मनीऑर्डरनं, हैदराबादच्या लॉजच्या मॅनेजरला. खोली चार खाटांचीच. कुपनावर नावं लिहिली: कुसुम, मंगल, रझिया, निळू.